सुटका झाल्यावर जगायचं कसं, हे कोण शिकवणार?

ओसरी

मंडळी, बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. गेली सात वर्षं आम्ही पाच जण दर गुरुवारी एका मध्यवर्ती कारागृहात वर्ग घेतो. मी निवृत्त शिक्षिका, एक जण बँकेतून निवृत्त झालेले, एक वकील आणि समाजकार्य शिकणाऱ्या दोन मुली. कागदोपत्री त्याला 'जीवनकौशल्य प्रशिक्षण' म्हणतात. आत सगळे 'बाईंचा तास' म्हणतात.

गेल्या महिन्यात वर्गातले एक जण सुटले. इथे त्यांना तात्या म्हणते. वय 58, त्यातली 16 वर्षं आत गेलेली. घरून न्यायला कोणी येणार नव्हतं, म्हणून मी गेले. बाहेर आले तेव्हा हातात एक कापडी पिशवी. तिच्यात दोन जोड कपडे, सुटकेचा दाखला, आणि प्लास्टिकच्या कागदात नीट गुंडाळलेली दोन प्रमाणपत्रं, एक सुतारकामाचं आणि एक आमच्या वर्गाचं. एसटी स्टँडवर चहाला थांबलो. चहावाल्यानं विचारलं, "साधा, आल्याचा का बिनसाखरेचा?" तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, तुम्हाला कोणता हवा? तर म्हणाले, "तुम्ही सांगाल तो." चहा पिऊन झाला तरी रिकामा कप हातात धरून उभेच. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "बाई, लघवीला जाऊ का?"

माझ्यापेक्षा थोड्याच लहान माणसानं मला हे विचारलं. घरी येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं जीवनकौशल्यांची दहा नावांची यादी केली आहे. स्वतःची ओळख, समानुभूती, ताण हाताळणं, भावना हाताळणं, समस्या सोडवणं वगैरे. त्यातच 'निर्णय घेणं' आहे. आम्ही ते तक्त्यावर लिहून शिकवलं होतं. गोष्टी सांगितल्या, गटचर्चा घेतल्या. तात्या पहिल्या रांगेत बसून वहीत उतरवून घ्यायचे. पण वर्ग संपला की गिनती, म्हणजे माणसं मोजणं, मग जेवण, मग बंदी, म्हणजे बराकीला कुलूप. उठायचं कधी, आंघोळ कधी, जेवण काय, दिवा कधी मालवायचा, यातलं एकही 16 वर्षांत त्यांनी ठरवलं नव्हतं. वापरात नसलेल्या विळ्याला गंज चढतो, तसं झालं होतं. वहीत लिहून तो उतरणार कसा?

तेव्हापासून वर्गाची तऱ्हा बदलली. आता आम्ही आत दुकान मांडतो. एक जण दुकानदार, एक गिऱ्हाईक, पुठ्ठ्याचे बोर्ड, आजचे खरे भाव. तेलाच्या पिशवीचा भाव ऐकून 2009 साली आत आलेला माणूस हबकतोच. हबकू दे, पण ते आमच्यासमोर होऊ दे, बायकोसमोर किंवा भर बाजारात नको. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून पुठ्ठ्यावर पडदा काढून क्यूआर कोड, पिन, 'पैसे गेले का नाही' हे सगळं दाखवतो. बँकवाले काका केवायसीचे अर्ज भरून घेतात. आणि पिन कोणालाही सांगायचा नाही, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की ते आत शिरले की पोरं आधीच एका सुरात म्हणतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो दोन प्रसंगांत. पहिला : कामाच्या ठिकाणी कोणीतरी विचारणार, "इतकी वर्षं कुठे होतास?" खोटं बोललं तर महिन्याभरात उघडं पडतं. सगळी कर्मकहाणी सांगत बसलं तर समोरचा घाबरतो. म्हणून तीन वाक्यं. काय झालं, शिक्षा पूर्ण केली, आता मला हे काम येतं. तीनच, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून. दुसरा प्रसंग जुन्या मित्राचा. तो गाडी थांबवतो, "चल, बस मागे" म्हणतो. एका 27 वर्षांच्या मुलाला या प्रसंगात नुसतं "नाही, मला घरी जायचंय" एवढं म्हणायचं होतं. पहिल्यांदा आवाजच निघाला नाही. दुसऱ्यांदा "नाही रे, नंतर बघू" म्हणाला. 'नंतर बघू' म्हणजे होच की. अकराव्या वेळेला त्यानं ते वाक्य पूर्ण म्हटलं आणि मटकन खाली बसला. मित्राच्या गाडीवर मागे बसला होता, म्हणूनच तो आत आलाय.

हाताला काम शिकवायची सोय कारागृहांत बऱ्यापैकी आहे. येरवड्याचं फर्निचर, नाशिकरोडच्या गणेशमूर्ती तुम्ही पाहिल्या असतील, अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू कळंब्याच्या कारागृहात वळले गेले आहेत. पण रंधा मारता येणं आणि पहिला पगार हातात आल्यावर तो महिनाभर पुरवता येणं यांत फार अंतर आहे. ऑगस्ट 2023 मध्ये मजुरी वाढली तेव्हा कुशल बंद्याचा रोज 74 रुपये झाला, अर्धकुशलाचा 67, अकुशलाचा 53. अशा रोजावर वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला बाहेर सातशे रुपये रोज मिळाला की पहिल्या आठवड्यात तो स्वतःला राजा समजतो, आणि दुसऱ्या आठवड्यात उधारी सुरू होते.

इथे कोणी अशा माणसाला काम दिलंय का? कोणाच्या घरी सुटून आलेलं माणूस आहे का? पहिले तीन महिने कसे गेले? मला वर्गासाठी खरे अनुभव हवे आहेत, गोड नसले तरी चालतील.

---

पाणंद

ओसरीताई, धागा काढलात हे बरं केलंत. माझं शिरोलीला छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, नऊ माणसं. चार वर्षांपूर्वी ओळखीच्या वकिलांच्या सांगण्यावरून एकाला ठेवला. वेल्डिंग आतच शिकला होता. हात एकदम साफ. खोटं कशाला बोलू, माझ्या जुन्या माणसांपेक्षा त्याचा जोड चांगला.

कामात त्रास झालाच नाही, झाला तो भलत्याच ठिकाणी. पहिल्या पंधरवड्यात फोरमन त्याच्यावर ओरडला. चूक छोटी होती, आमच्याकडे दिवसातून दहा वेळा कोणीतरी कोणावर तरी ओरडतोच. बाकीचे उलटून बोलतात, विषय संपतो. हा दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून उभा राहिला. फोरमन निघून गेला तरी उभाच. मी अर्ध्या तासानं बाहेर आलो तेव्हा तिथंच. मी म्हटलं, अरे जा की कामाला. तेव्हा हलला. दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही.

मी घरी गेलो त्याच्या. म्हणाला, "मालक, मला वाटलं काढून टाकलं." बोलून घ्यायचं असतं, विचारायचं असतं, हे त्याच्या गावीच नव्हतं. त्याच्या हिशेबात साहेब रागावला की त्यापुढं काही नसतं, जे होईल ते गप गिळायचं.

मग मी तीन गोष्टी केल्या. पगार महिन्याऐवजी दर शनिवारी, कारण उचल मागायची त्याला लाज वाटायची आणि उपाशी राहायचा. काही अडलं तर थेट शिवाक्काला विचारायचं, त्या आमच्याकडे हिशेब बघतात आणि कोणावर ओरडत नाहीत. आणि बाकीच्या पोरांना सांगायचं का नाही, हे मी त्यालाच विचारलं. दोन दिवसांनी म्हणाला, मीच सांगतो. जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. एक जण उठून बाहेर गेला, बाकीच्यांनी डबे पुढं केले.

गणपतीच्या आधी दरवर्षी त्याला पोलीस ठाण्यातून प्रतिबंधक कारवाईची नोटीस येते. त्या दिवसाचा रोज बुडतो. पहिल्या वर्षी मी सोबत गेलो, हजेरीचं रजिस्टर घेऊन. तुमच्या वर्गात हेही शिकवा ताई. नोटीस आली की पळायचं नाही, कागद वाचून घ्यायचा, तारखेला हजर राहायचं आणि वकिलाला दाखवायचा. माझा माणूस पहिल्या नोटिशीला कर्नाटकात पळून जायला निघाला होता.

---

उंबरठा_२२

मी वाचनमात्र असतो. आज लिहितो.

मी 22 महिने आत होतो. कच्चा, म्हणजे खटला चालू असलेला. मग निर्दोष सुटलो. ताई, तुमचा वर्ग मी पाहिलेला नाही, कारण आमच्या जेलमध्ये असले वर्ग पक्क्या, म्हणजे शिक्षा लागलेल्या कैद्यांना. कच्च्याची तारीख कधी लागेल, जामीन कधी होईल सांगता येत नाही, म्हणून त्याला कशातच घेत नाहीत. दिवसभर बराकीत भिंतीला टेकून बसायचं, पत्ते आणि केसच्या गप्पा. मी जेवढं गुन्ह्याबद्दल शिकलो ते सगळं तिथं शिकलो, आणि मी गुन्हा केलेला नव्हता.

बाहेर आल्यावर दोन गोष्टींनी छळलं. बराकीत रात्रभर दिवा चालू असतो. घरी आईनं दिवा मालवला की माझी छाती धडधडायची. आईला कसं सांगणार? तीन महिने मी मोबाईलचा टॉर्च उशाशी लावून झोपलो. आणि संध्याकाळी पाच-साडेपाच झाले की कुठंही असलो तरी जीव खालीवर व्हायचा. आत तेव्हा बंदी होते. वाटायचं, आपण बाहेर राहिलो, आता काहीतरी होणार. एका मुलाखतीतून मी याच कारणानं उठून आलो. त्यांनी मला साडेपाचची वेळ दिली होती.

हे होणार आहे आणि ते जाणार आहे, एवढं जरी कोणी आधी सांगितलं असतं तरी पुरे होतं. मला वाटलं माझं डोकं फिरलं.

---

ओसरी

उंबरठा, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. दिव्याचं मला सात वर्षांत एकानंही सांगितलं नव्हतं. या गुरुवारी विचारलं. पॅरोलवर जाऊन आलेल्या सहा जणांनी हात वर केले. त्यातला एक म्हणाला, बायकोला वाटलं मला तिच्याशेजारी झोपायचं नाही, म्हणून दिवा लावतो.

कच्च्या बंद्यांबद्दल तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यातली 4,34,302 न्यायाधीन. म्हणजे चारातले तीन. आणि आम्ही शिकवतो उरलेल्या एकाला. आम्ही अधीक्षकांना पत्र दिलंय, कच्च्यांसाठी चार तासांचा सुटा वर्ग द्या. ओळीनं आठ आठवडे हजर राहायची अट नको, कोणीही कधीही यावं. परवानगी अजून आलेली नाही, पण मागणं सोडणार नाही.

---

काजळी

मला इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. लिहिते.

माझ्या मोठ्या भावाला 2006 साली बांधाच्या भांडणात मारलं. चौघांना शिक्षा झाली. त्यातले दोघं आता सुटून गावात आहेत. माझी वहिनी त्याच गावात राहते. त्यांच्या आणि वहिनीच्या घरात चार घरांचं अंतर आहे.

ओसरीताई, तुमच्या तात्यांना चहा निवडता आला नाही हे वाचून मला वाईट वाटलं नाही. मी खोटं बोलणार नाही. माझ्या वहिनीला तेव्हा 26 वर्षं होती. कोर्टात कुठे उभं राहायचं, सातबाऱ्यावर नाव कसं लावायचं, दोन पोरांना घेऊन रात्री कसं झोपायचं, हे तिला शिकवायला कोणी आलं नाही. तिच्यासाठी कोणी पुठ्ठ्याचं दुकान मांडलं नाही. सुटून आलेल्यांतला एक जण पहिल्याच आठवड्यात पारावर बसून मोठ्यानं हसत होता. ती पाणी आणायला जाताना तिला ते ऐकू आलं. त्यानंतर तिनं महिनाभर तो रस्ता सोडला.

तुमचं काम वाईट आहे असं म्हणत नाही. पण त्या माणसाला हे कोणी शिकवलं का, की पारावर हसायचं नसतं?

---

ओसरी

काजळीताई, तुमचा प्रतिसाद मी चार-पाच वेळा वाचला. तुम्हाला वाईट वाटावं अशी माझी मुळीच अपेक्षा नाही, आणि कोणीही तुमच्याकडून ती करू नये.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर : नाही, शिकवलेलं नव्हतं. आमच्या वर्गातही नव्हतं. 'समानुभूती'च्या तासाला आम्ही गोष्टीतल्या माणसांबद्दल बोलायचो. ज्याच्या घरातलं माणूस आपण मारलं त्या घराबद्दल बोलायची आमचीच हिंमत नव्हती.

शहरात सुटलेला माणूस गर्दीत मिसळून जातो. गावात वेस एक, पाणवठा एक, जत्रा एक. तिथं परत जाणाऱ्यानं कसं वागायचं हे शिकवावंच लागेल. तुमचा प्रतिसाद (नाव, गाव काहीही न सांगता) मी या गुरुवारी वर्गात वाचून दाखवला. वाचू का असं तुम्हाला विचारायला हवं होतं, त्याची माफी मागते. पारावरचा भाग आला तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "बाई, आमच्याकडं पण त्यांचं घर वाटेवरच आहे. मी दुसऱ्या वाटेनं जाईन." दुसरा म्हणाला, "नुसती वाट बदलून काय? गावात पहिले दिवस मिरवायचंच नाही. कोणी हार घालायला आलं तर घालून घ्यायचा नाही." हे त्यांनीच सांगितलं, मी फळ्यावर लिहून घेतलं. आता सुटकेआधी प्रत्येकानं या प्रश्नाचं उत्तर लिहून द्यायचं ठरलंय : त्या घरातली माणसं समोर आली तर मी काय करीन? पारावर बसायचं नाही, पाणवठ्यावर त्यांच्या वेळेला जायचं नाही, मध्यस्थामार्फत विचारल्याशिवाय माफी मागायलाही दारात जायचं नाही.

वहिनींसाठी एक सांगते. गुन्ह्यात बळी पडलेल्यांच्या कुटुंबाला भरपाई देण्याची तरतूद 2009 पासून कायद्यात आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 357-अ, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 396. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. प्रकरण जुनं आहे, मुदतीचा प्रश्न येईल, तरी एकदा जाऊन विचारा. आमच्यातल्या वकीलबाई सोबत यायला तयार आहेत. निरोप पाठवा.

---

काजळी

वाचलात ते चाललं. उलट बरं वाटलं.
वहिनीशी बोलते.

---

पालावरचा

आमच्या समाजाचं थोडं वेगळं आहे ते सांगतो. मी पारधी. येरवड्याचं जेल बांधलं 1871 साली, आणि त्याच साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारांच्या आत आमचे आजे-पणजे हजेरी द्यायचे. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, पण ठाण्यातल्या वहीतलं नाव काही जात नाही.

बाकीच्यांना आत जाऊन आल्यावर गुन्हेगार म्हणतात. आमचं पोर जन्माला येतं तेव्हाच लोक तसं बघतात. मग सुटून आलेल्या आमच्या माणसानं ती तीन वाक्यं कोणाला सांगायची? 'शिक्षा पूर्ण केली' म्हटलं तर म्हणतात, आता पुढची कधी? ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं तुरुंगातल्या जातीभेदावर निकाल दिला. जात बघून कामं वाटायची नाहीत, आणि विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या आमच्यासारख्या जमातीचा म्हणून कोणाला सराईत धरायचं नाही. निकाल चांगला आहे. पण तो पालावर कोणी वाचून दाखवला नाही, तो आम्हीच वाचून दाखवतोय.

ताई, आमच्या माणसाला पहिलं लागतं ते कागद. जातीचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, आधारवर पत्ता नाही, कारण पाल हलतं. कागद नाही म्हणून काम नाही, खोली नाही. सुटायच्या सहा महिने आधीपासून आतच कागद करायला घ्या. बाहेर आल्यावर आमच्या माणसाला तहसीलच्या आवारात उभं राहायलाही भीती वाटते.

---

जुना_परिविक्षा

मी जिल्हा परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, म्हणून 2015 ला निवृत्त झालो. पालावरच्या मित्राचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. माझ्या नोकरीत मी पाहिलं, की सुटून आलेला माणूस पुन्हा आत जातो तेव्हा दहातल्या निम्म्या वेळेला मूळ कारण पैशाचं किंवा रागाचं नसतंच. त्याला कुठल्या खिडकीवर जायचं ते ठाऊक नसतं. मग ज्याला ठाऊक असतं तो जुना गुरू त्याला गाठतो.

म्हणून थोडं खिडक्यांबद्दल. मुक्तबंद्यांच्या मदतीचं काम महिला व बालविकास विभागाकडे, परिविक्षा अधिकाऱ्यामार्फत. पोलिसांकडे नाही, हे लोकांना माहीतच नसतं आणि भीतीनं ते येत नाहीत. मुंबईत असाल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून याच कामात आहे. घरच्यांची चणचण असेल तर शिक्षा भोगत असतानाच महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' कर्ज योजना आहे. ती 1 मे 2022 ला येरवड्यात सुरू झाली, 50,000 रुपयांपर्यंत, सात टक्के व्याजानं, आणि हप्ता मजुरीतून. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून अडकलेल्या गरीब बंद्यांसाठी केंद्राची 2023 ची योजना आहे. आणखी एक, जे शिक्षित कारकुनांनाही माहीत नसतं : 1958 च्या परिविक्षा कायद्याखाली ज्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, त्याला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. कलम 12. किती पोरांनी नोकरीचा अर्जच केला नाही, 'आपल्यावर केस झालीय' म्हणून!

आता ओसरीताईंच्या मूळ मुद्द्याकडे येतो. निर्णय घेण्याचा गंज वर्गात उतरत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलंय. तो कुठे उतरतो ते मी पाहिलंय. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश माणसानं 1939 साली ही खुली वसाहत उभी केली. भिंत नाही. बंदी बायकापोरांसह राहतात, शेती करतात. मी नोकरीत असताना तिथं गेलो होतो. एक जण वांग्याच्या वाफ्यात बसला होता. औषध आज मारू की उद्या, ढग आलेत, यावर त्याचा आणि बायकोचा वाद चालला होता. ती म्हणत होती आज, तो म्हणत होता उद्या. मी तिथं दहा मिनिटं उभा राहिलो. जन्मठेपेचा कैदी आणि त्याची बायको, फवारणीवरून भांडतात! त्याला पुढं चहा निवडायला कोणी शिकवावं लागलं नसेल.

आपल्याकडे खुली कारागृहं आहेत, पण तिथं पोचायला बरीच वर्षं आणि बऱ्याच अटी. शेवटची दोन वर्षं तरी प्रत्येक पात्र बंद्याला अशा ठिकाणी मिळावीत, असं माझं ठाम मत आहे.

---

चांगीकाठचा

सिंगापुरात 14 वर्षं आहे. इथे 2004 पासून 'यलो रिबन' नावाची मोहीम चालते. दरवर्षी धावण्याची शर्यत असते, चांगीच्या तुरुंगाच्या आवारापर्यंत. मी दोनदा धावलो. ऑफिसातले लोक, शाळेतली मुलं, मंत्री, सगळे असतात. मोहिमेचा रोख बाहेरच्या लोकांवर आहे, म्हणजे तुम्ही आणि मी दुसरी संधी द्यायला तयार आहोत का. कैद्यांना काम शिकवणारं आणि मालकांशी जोडून देणारं सरकारी महामंडळ इथे 1976 पासून आहे, सुटायच्या आधीच नोकरीची मुलाखत होते. इथले कायदे किती कडक आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, तरी त्यांना हे करावंसं वाटलं. पाणंददादांसारख्या मालकांना एकत्र आणता आलं तर आपल्याकडेही सुरुवात होईल.

---

मायलेकी

माझे बाबा 12 वर्षांनी घरी आले. इथे कोणी घरच्यांबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पहाटे पाचला उठून अंथरुणाची वळकटी करायचे आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसून राहायचे. मला वाटायचं जप करतात. खूप दिवसांनी कळलं, गिनतीची वाट बघायची सवय. जेवलं की स्वतःचं ताट धुऊन खाटेखाली ठेवायचे. आईनं ते मांडणीवर ठेवलं की पुन्हा काढून खाली.

आम्ही काय केलं? त्यांना काही करूच दिलं नाही. बाबा, तुम्ही बसा. बाबा, खूप सोसलंत, आता आराम करा. पाहुण्यासारखं ठेवलं. इतकी वर्षं आई एकटीनं घर चालवत होती, शिलाईच्या मशीनवर. पैसे तिच्याकडे, निर्णय तिचे. बाबांना वाटायचं आपण घरातले कर्ते, आणि आई त्यांना दहा रुपयेसुद्धा विचारून द्यायची. दोन महिने कोणी मोठ्यानं बोललं नाही, मग एके दिवशी इतकं भांडण झालं की शेजारी आले. बाबा घाबरून मोरीत जाऊन बसले. पोलीस येतील म्हणून.

बदललं ते आईनं. दुसऱ्या दिवशी पिशवी आणि शंभर रुपये दिले, म्हणाली, पालेभाजी आणा, कोणती ते तुम्ही बघा. रिकामी पिशवी घेऊन परत आले, म्हणाले, मेथी वीस रुपये जुडी सांगतो, लुबाडतोय. आई म्हणाली, तेवढीच आहे, उद्या पुन्हा जा. चौथ्या दिवशी चुक्याची जुडी घेऊन आले. आमच्याकडे चुका कोणी खात नाही. आईनं गुपचूप केला आणि सगळ्यांना वाढला.

ओसरीताई, मुलाकातीला आलेल्या बायकांचाही एखादा वर्ग घ्या ना. आईला हे आधी कोणी सांगितलं असतं तर ते दोन महिने वाचले असते.

---

उंबरठा_२२

मायलेकी, मोरीत बसायचं वाचून रडू आलं. बाबांना नमस्कार सांगा.

---

ओसरी

दोन दिवस प्रवासात होते, सगळं आज वाचलं. मुलाकातीच्या दिवशी बाहेरच्या शेडमध्ये बायका दोन-दोन तास नंबरची वाट बघत बसलेल्या असतात. तिथंच, रांगेतच वर्ग घ्यायचा, असं आम्ही काल ठरवलं. त्याला कोणाची लेखी परवानगीही लागू नये, कारण शेड गेटच्या बाहेर आहे. मायलेकी, आई एकदा येऊन बोलतील का? नाव सांगायची गरज नाही. मला त्यांच्याकडून फक्त चुक्याची गोष्ट हवी आहे.

पालावरच्या दादा, कागदांचं काम या महिन्यापासून घेतलंय. पुढच्या सहा महिन्यांत सुटणाऱ्या 31 जणांची यादी मिळाली. त्यात 11 जणांचं आधार नाही, किंवा आहे पण मोबाईल नंबर दुसऱ्याचा. जुना_परिविक्षा काका, तुमचा निरोप मिळाला. कलम 12 चं एक पान सोप्या मराठीत लिहून द्याल तर छापून बराकींत लावू.

तात्यांचं विचारलंत काहींनी. ते बहिणीकडे आहेत. बँकेत खातं उघडायला तीनदा गेले. रंधा मारून मारून बोटांचे ठसे इतके झिजलेत की मशीन घेतच नाही. तिसऱ्यांदा त्यांना "नंतर या" म्हटल्यावर ते घरी आले आणि मला फोन केला. स्वतःहून केलेला हा त्यांचा पहिला फोन. म्हणाले, "बाई, नंतर म्हणजे कधी, हे मी विचारलं. ते म्हणाले सोमवारी. मग सोमवारी जाऊ ना?" मी म्हटलं, तुम्ही काय ठरवलंय? बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, सोमवारी बाजार असतो, गर्दी असेल, मंगळवारी जातो. आधार केंद्रावर डोळ्यांचं स्कॅन नव्यानं करून घ्यायचं, असं बँकवाल्या काकांनी त्यांना फोनवर समजावलंय.

पाणंददादा, तुम्ही वर्गात 'मालक' म्हणून या. खोट्या मुलाखती आम्हीच घेतो, आमचा राग त्यांना खरा वाटत नाही. तुमचा फोरमन आला तर फारच उत्तम. आत येण्याच्या परवानगीला आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो लागतात, आठ-दहा दिवस जातात. या शनिवारपर्यंत पाठवलंत तर महिनाअखेरच्या गुरुवारचं जमेल.

---

पाणंद

पाठवतो ताई. फोरमनला विचारलं. म्हणाला, ओरडू का खरंच? मी म्हटलं, रोज ओरडतोस तसाच ओरड, फक्त नंतर थांब तिथं. झेरॉक्स दोघांची पाठवतोय, आणि माझा वेल्डर पण येतो म्हणतोय. त्याला परवानगी मिळेल का तेवढं विचारून ठेवा.